वळणावर तुटलेला ताल

धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा आमच्या गावचा देव हलवला. आमच्यात रीत अशी की, देव जागेवरून उठला की ढोल सुरू होतो आणि नव्या जागी बसेपर्यंत ताल तुटू द्यायचा नाही. ढोलाचा मान आमच्या घराकडं. वडील थकलेले, म्हणून माझा धाकटा भाऊ वासू पुढं वाजवत चालला होता. गणेशगुडीच्या अलीकडं, वळणावर, चढ फार म्हणून मंडळींनी पालखी ट्रकात चढवली. वासूनं ढोलाचं टिपरू फेकलं. देवाचं सामान केलंत, एवढंच बोलला आणि गोव्याच्या रस्त्याला लागला. देव नव्या देवळात बसला, तो ढोलावाचून.

मग वासू बँड बदलत राहिला. बेळगावात लग्नाचा बँड, त्यानंतर ऑर्केस्ट्रा, मग गोव्यात चार पोरं जमवून ते पंक रॉक म्हणतात ते. केस उभे, कानात सेफ्टी पिना. तसाच एकदा घरी आला तेव्हा पदराला लावायला मी त्यातली एक मागितली. हसत काढून दिली. त्याचं गाणं म्हणजे नुसतं ओरडणं, पण त्यात खोटं काही नव्हतं. लोक एखादं गाणं परत मागू लागले की हा बँड मोडायचा. नवी पोरं, नवं नाव, आवाजही नवाच. असं का करतोस विचारलं तर म्हणायचा, पाठीमागं सारखा ढोल वाजतो आणि अर्ध्यात तुटतो. पुढचं काय होतं, ते शोधतोय.

मी एकभुक्त राहून रोज तुळशीपुढं एकच मागायची, त्याच्या कानातला ढोल थांबू दे.

केस पिकले, झोप पार उडाली, तेव्हा तो घरी आला. पुंडलिक गुरवांनी देवाला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. वळणापासून ताल पुरा करायचं ठरलं.

सकाळी वासूनं वळणावर उभं राहून जिथं तुटला होता तिथूनच ताल उचलला. मी कलश घेऊन मागं. आमच्या मधे पालखीएवढी जागा मोकळी सोडली होती. त्या मोकळ्या जागेतून ओल्या फुलांचा वास येत होता. मी पाऊल जपून टाकत राहिले.

देवळाच्या उंबऱ्याशी शेवटचा ठोका राहिला. एका हातानं बारीक ताल धरून त्यानं दुसऱ्या हातातलं टिपरू वर उचललं आणि माझ्याकडं वळला.

"अक्का, हे संपलं तर माझ्याकडं काय उरतंय गं?"

"झोप उरंल, वासू."

त्यानं ठोका दिला. आत पुंडलिककाका म्हणाले, "बसला देव."

त्या दिवशी तो लहानपणी झोपायचा तसा झोपला. मी पांघरूण सारखं केलं आणि देवाला हात जोडले.

आठवड्यानं गोव्याची पोरं मेटाडोर घेऊन आली. नवा बँड उभा करायचा होता. अंगणात बसली, त्याच्या मांडीवर गिटार दिली. नेहमी तोच सुरू करायचा, बाकीचे मागनं धावायचे. आता तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता.

"काय वाजवू?" त्यानं विचारलं.

पोरं हसली. त्यांना चेष्टा वाटली. मग एकानं त्याचंच जुनं गाणं सांगितलं. वासूनं ते वाजवलं, कुठंही न चुकता.

त्यांनी परत मागितलं. त्यानं परत वाजवलं, अगदी तसंच.