कडी नसलेल्या दाराचं गाणं

मी एक गाणं बोलतंय. कागदावर कधी उतरलं नाही, त्यामुळे मला हातात धरता येणार नाही. जरा कान द्या म्हणजे झालं.

माझा जन्म रियाधच्या अल सुलैमधल्या एका गोदामाच्या छपरावर झाला. नूरुद्दीन तिथं एसीचे डक्ट बसवत होता. माणूस दाभोळ खाडीकाठचा, पण बारा वर्षं कामगारांच्या कॅम्पात एकटा. पत्रा तापून पाय भाजायला लागले की हा पठ्ठ्या खाडी, घाट, फणस, गावची एसटी असं एकेक आठवून गुणगुणायचा. त्यातून मी झालं. माझा शेवट त्याचा फार लाडका:

"माझ्या मुलखात दाराला कडी नाय,
गूळपाणी दिल्याबिगर कुणा धाडीत नाय."

शुक्रवारी कॅम्पात समाधान वेल्डर पातेल्यावर ठेका धरायचा आणि सगळे मला गायचे. "आपला महाराष्ट्र!" म्हणत डोळे पुसायचे. गावी असताना यातल्या एकालाही मुलखाचा एवढा पुळका आला नसेल. पण मला गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू?

एकदा नूरुद्दीन तिथल्या मराठी मंडळाच्या अपेक्षा मॅडमच्या फ्लॅटमध्ये एसी दुरुस्तीला गेला. काम करता करता मला गुणगुणत होता. बाई हरखल्या. "अहो भाई, किती गोड! आमच्या महाराष्ट्र दिनाला गाल का?" लेकीला पाठ करायला म्हणून त्यांनी मला फोनमध्ये भरूनही घेतलं.

नूरुद्दीनने लगेच घरी हफीजाला फोन लावला. "स्टेजवर गाणार हाय मी. व्हिडिओ पाठवतो." बारा वर्षांत बायकोला अभिमानानं सांगावं असं पहिल्यांदाच काही घडत होतं. तिनं शेजारपाजारच्या बायकांनाही सांगून टाकलं.

महाराष्ट्र दिनी अर्धी सुट्टी काढून, शर्टाला इस्त्री करून तो कार्यक्रमाच्या हॉलच्या फाटकावर पोचला. यमनी वॉचमनच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. निरोप गेला, तशा मॅडम लगबगीनं बाहेर आल्या.

"सॉरी हं भाई. कमिटीचा नियम आहे, फक्त फॅमिलीज. बॅचलर्सना एन्ट्री नाही. माझ्या लक्षातच आलं नाही."

"मॅडम, माझं लगीन झालंय. तीन पोरं हायत."

"हो, पण इथं नाहीत ना!"

आणि त्या आत गेल्या. फाटक लागलं, कडीसकट.

थोड्या वेळानं स्पीकरवर मीच सुरू झालं. मॅडमची लेक फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेले शब्द वाचत मला गात होती. 'दाराला कडी नाय' या ओळीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. मला शरमेनं मेल्यासारखं झालं, पण गाण्याला मध्येच थांबता येत नाही. नूरुद्दीन भिंतीला टेकून सगळं ऐकत होता. वॉचमननं त्याच्याकडे पाहिलं, आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि खिशातून दोन खजूर काढून त्याच्या हातावर ठेवले.

मॅडमनी मात्र व्हिडिओ आठवणीनं पाठवला. तो पाहून हफीजानं विचारलं, "तुमी कुठंच दिसत नाय?"

"मी शूटिंग करत होतो," नूरुद्दीन म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी समाधाननं पातेलं ओढलं, तर हा कूस बदलून म्हणाला, "खलास. दुसरं कायतरी वाजव."

आता दर महाराष्ट्र दिनाला मी त्या हॉलात असतं. पत्रिकेत माझ्यापुढे 'पारंपरिक' असं लिहितात. नूरुद्दीन मला गात नाही.

मायबापहो, मला खुशाल गा. पण शेवटच्या ओळीला टाळ्या वाजवण्याआधी कुणीतरी उठून फाटकाबाहेर बघून या. ती ओळ आजवर एकदाच खरी झाली, आणि ती खरी करणारा आपल्या मुलखातला नव्हता.