मात्सुओका-सानची ओळ

हे कागदावर उतरवायचं शशांकनं जवळजवळ टाळलंच होतं. वीस मिनिटं तो पेन नुसता हातात धरून बसला होता. योकोहामाच्या त्या ऑफिसात चूक झाली की शिमात्सुशो लिहून द्यायचं. काय झालं, कुणामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तेही हातानं. कोरा कागद ठेवून त्याचे साहेब कुबो-सान आपल्या जागेवर जाऊन बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

शशांक मुंबईचा बी.कॉम. कंपनी म्हाताऱ्या माणसांच्या बुटात घालायचे इनसोल विकायची. स्टॅटिस्टिक्स तो व्हिडिओ बघून स्वतःच शिकला होता आणि त्याचा त्याला थोडा माजही होता. टोकियोतल्या ओजिमा भागातल्या एका डे-केअरमध्ये चौदा आजी-आजोबांना हे इनसोल दिले होते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. सुरुवातीला एकदा, महिन्यानं एकदा, दोन महिन्यांनी एकदा. स्टॉपवॉच धरायची उत्तरा. ती शशांकच्याच बिल्डिंगमधली मैत्रीण. नवऱ्याच्या पोस्टिंगबरोबर आलेली, आता त्या सेंटरवर पार्ट-टाइम करणारी.

तिला त्यानं मोठ्या ऐटीत समजावलं होतं, "माणसं चौदाच. त्यात एक आजोबा चाळीस सेकंद घेणार, की सरासरीची वाट लागली. म्हणून फ्रीडमन टेस्ट. प्रत्येकाच्या तीन वेळांना त्याच्यातल्या त्याच्यात एक-दोन-तीन नंबर द्यायचे. शेजाऱ्याशी तुलनाच नाही."

"अय्या, मग माझ्या सासूबाईंना शिकव की ही टेस्ट!"

दोघं खूप हसले होते.

मग आलेख नीटनेटका दिसावा म्हणून त्यानं पहिला रकाना चढत्या क्रमानं लावला. एक्सेलनं जपानीत विचारलं, बाजूचे रकानेही सोबत हलवू का? त्यानं अर्धंच वाचलं आणि नको ते बटण दाबलं. उरलेल्या दोन रकान्यांनाही तेच. तिन्ही रकाने आपापले लागले आणि माणसांच्या ओळी मोडल्या. एकीची पहिली वेळ, भलत्याचीच दुसरी, तिसऱ्याच कुणाची तिसरी. टेस्ट म्हणाली, चौदाच्या चौदा सुधारले. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या.

त्या शनिवारी सकाळी बिल्डिंगच्या कचऱ्याच्या जाळीपाशी उत्तरानं त्याला गाठलं. एका हातात प्लॅस्टिकच्या बाटल्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सेंटरला आलेला त्याचा रिपोर्ट.

"ए शहाण्या, नऊ नंबर म्हणजे मात्सुओका-सान ना? मी माझ्या हातानं लिहिलंय. चौदा, मग सोळा, मग अठरा सेकंद. आजी हळू होत चाललीये. तुझ्याकडे अकरा, दहा, नऊ कुठून आले?"

शशांकला तिथल्या तिथे कळलं. आणि तोंडातून काय निघालं, तर, "तुझंच काहीतरी चुकलं असेल गं."

सोमवारी सेंटरनं विचारलं तेव्हा त्यानं मेलमध्येही तेच लिहिलं. नोंदी घेताना गडबड झाली असावी. झालं. सेंटरवर उत्तराला सगळ्यांसमोर स्टॉपवॉच कसं धरायचं ते पुन्हा शिकवलं, कालच लागलेल्या पोरीसारखं. तिनं वाकून आभार मानले. शशांकला हे दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं. नऊ दिवस तो लिफ्ट सोडून जिन्यानं ये-जा करत होता.

दहाव्या दिवशी ती जिन्यातच उभी.

"माझं राहू दे," ती म्हणाली. "काल मात्सुओका-सान माझ्यापुढे वाकल्या. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! म्हणे, सगळे सुधारले, मीच मागे राहिले, माझ्यामुळे तुम्हाला बोलणी खावी लागली. ते इनसोल टोचतात त्यांना, पण काढत नाहीत. सराव म्हणून रोज कॉरिडॉरमध्ये चालत बसतात. आता तू सांग, चुकलं कोण?"

त्यानं तिच्याकडून नोंदींची वही मागून घेतली.

तिच्या हातच्या नोंदी समोर ठेवून त्यानं सगळं पहिल्यापासून केलं. सात सुधारलेले, पाच मागे गेलेले, दोघं जागच्या जागी. टेस्टचं उत्तर, इनसोलनं फरक पडला असं म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून कुबो-सानसमोर उभा राहिला.

आणि आता हा कागद. 'कुणामुळे' पाशी आधी 'सॉफ्टवेअरच्या गोंधळामुळे' असं उतरलं. त्यानं कागद फाडला. दुसऱ्यावर 'माझ्यामुळे' लिहिलं. मग खाली, 'उत्तरा-सानच्या नोंदी बरोबर होत्या. मला ते कळलं होतं, तरी मी त्यांच्यावर ढकललं.'

कुबो-साननी दोनदा वाचलं. "शेवटची दोन वाक्यं नसती तरी चाललं असतं."

"नाही, कुबो-सान. ती हवीत."

त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सेंटरवर तो मात्सुओका-सानपुढे वाकला. त्या त्याच्याहून खाली वाकल्या. तो आणखी वाकला, तर त्या आणखी.

"तुमचे आकडे बरोबर होते," तो मोडक्या जपानीत म्हणाला. "चूक माझी."

"मग हे काढले तर चालेल?" त्यांनी हळूच विचारलं.

खुर्चीवर बसून त्यांनी इनसोल काढले, रुमालानं पुसले, टाचेला टाच लावून जोडी केली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली. ती अजून कोमट होती.

उत्तरा दाराशी उभी होती. "आता?"

"पुढच्या मोजणीला मी इथे येऊन बसेन. आधी नाव लिहीन, मग आकडा. तुला दाखवल्याशिवाय एकही ओळ बाहेर जाणार नाही."

"आणि परत चुकलं तर?"

इनसोल त्याच्या हातात तसेच होते.

"तर त्याच दिवशी सांगेन, मी चुकलो. दहा दिवसांनी नाही. शब्द देतो."