सागाच्या माथ्यावरचे सोट

रहिमतपुरात सुतारकाम करणाऱ्या बादशहाचाचांना त्यांच्या लेकीनं, सुमैरानं, एकदा मोबाइलवर जपानातली झाडं दाखवली होती. तिथं झाडाचा शेंडा छाटतात, खोड तसंच ठेवतात. मग माथ्यावर फुटलेल्या फांद्यांचे जे नवे सोट सरळ वर जातात, तेवढे वीसेक वर्षांनी कापून नेतात. लाकूड मिळतं, झाडही जगतं. चाचा बघतच राहिले. उभा जन्म त्यांनी झाड पाडूनच लाकूड आणलं होतं.

औंधच्या वाटेवर लालासाहेबांचं रान होतं. फौजेतून परतलेला हा दोस्त म्हणाला, "बांधावरचा साग घे गड्या. कर काय करायचं ते."

चाचांनी त्या सागाचा शेंडा छाटला. त्याला दहा वर्षं झाली. दर वर्षी चाचा शिडी लावून चढायचे, सोटांना फुटलेल्या आडव्या डहाळ्या काढायचे, फक्त शेंड्याची पानं राखायचे. सहा सोट भाल्यासारखे उभे राहिले.

मागल्या साली लालासाहेब गेले. यंदा त्यांच्या मुलाचा, जयराजचा फोन आला, "चाचा, उद्या जेसीबी येतोय. बांध काढतोय."

चाचा सकाळीच करवत घेऊन पोचले. "जयराज, अजून धा वर्सं थांबाय पायजे रं."

"थांबलो असतो चाचा. पण तोडीला टोळीच मिळंना. दोन सालं ऊस रानात वाळला. आता तोडणीचं मशीन आणायचं, तर त्याला वळाय जागा लागती."

"मग वरनं काप. बुंधा ऱ्हाऊ दे. साग परत फुटतो."

"बुंध्यालाच तर मशीन अडतंय."

पोराचं खोटं नव्हतं.

"सोट तरी माज्या हातानं उतरवू दे," म्हणून चाचा वर चढले. ते शेवटचा सोट कापत होते, तेव्हा जयराजनं खालून शिडी घट्ट धरली. मग जेसीबीनं दोन धक्क्यांत बुंधा आडवा केला. काळ्या मातीतून ओली मुळं वर आली.

"बाबा, जरा बाजूला व्हा," चालक म्हणाला.

चाचा बाजूला झाले.

जयराजनं सोट टेम्पोनं घरी पोचवले. सुमैरानं विचारलं, "अब्बा, काय करायचं ह्याचं?"

चाचांनी एकावर रंधा फिरवून पाहिला. कच्च्या लाकडाची नुसती कुसळं उचकटली.

"कशाच्याच कामाचं न्हाई अजून," ते म्हणाले.

अंगणात पडल्यापडल्या पंधरा दिवसांत उन्हानं सहाही सोट वाकले.