फायनलचं भाडं

घरमालक प्रफुल्लकाकांनी मला माझ्याच खोलीतून काढलं, तेव्हा त्यांच्या हातात माझ्यासाठी मेथीच्या गोट्यांची, म्हणजे भज्यांची, बशी होती.

"खा बेटा. आणि शुक्रवारी खोली रिकामी कर."

गोटा माझ्या तोंडात तसाच राहिला. "काका, सोमवारी माझी तलाठ्याची परीक्षा आहे. शिवाय ह्या महिन्याचं भाडं दिलंय मी."

"ते साधं भाडं, वत्सल. हे क्रिकेटच्या फायनलचं. आपल्या गच्चीवरून मोटेराचं मैदान दिसतं. तीन रात्रींसाठी अख्खं घर दिलं, तुझ्या खोलीसकट. दलाल पंधरापट म्हणाला. नाही कसं म्हणू? त्याला वाईट वाटलं असतं."

ते स्वतः राणीपला, बायकोच्या म्हणजे रसीलामासींच्या भावाकडे राहणार होते. फुकट. मासींनी लगेच फोन लावला.

"बेन, आम्ही तर द्वारकेला चाललोय," किरीटभाई म्हणाले. "घर बंद."

घर भाड्याने दिलंय हे मेहुण्याला कसं सांगायचं? काका मागून ओरडले, "अरे वा! आम्हीपण द्वारकेलाच!"

एकत्र जाऊ या, असं मात्र कोणीच म्हणालं नाही.

मग काकांनी त्याच दलालाकडून स्वतःसाठी मैदानापासून लांबचं एक घर भाड्याने घेतलं. दलाल घराचा पत्ता आधी सांगायचा नाही. सांगितला तर लोक परस्पर जमवतात. पैसे घेऊन त्याचा माणूस रिक्षाने थेट दारात सोडायचा. मी राहण्यासाठी शहरभर फिरलो. शेवटी कालूपूर स्टेशनचा बाक ठरवला. त्यावरही कोणीतरी रुमाल टाकून जागा धरली होती.

शुक्रवारी काका-मासी गेले. मी चावी घेऊन दारात थांबलो. रिक्षा आली. आतून किरीटभाई उतरले, मागोमाग त्यांची बायको, दोन बॅगा आणि एक उशी. रिक्षा निघून गेली.

किरीटभाईंनी दारावरची पाटी दोनदा वाचली. "वत्सल? फायनलचं घर हे?"

"हेच."

"मग बेन आणि प्रफुल्लकुमार?"

"द्वारकेला."

"द्वारकेला तर मी गेलोय!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. काकांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. "वत्सल, दलालाच्या माणसाने आम्हाला किरीटच्या घरात आणून सोडलंय. मी किरीटच्या सोफ्यावर बसलोय. भाडं भरून."

मी फोन स्पीकरवर टाकला.

"प्रफुल्लकुमार, माझ्याकडून पंधरापट घेतलेत?"

"आणि तू?"

"चौदापट." किरीटभाई मटकन पायरीवर बसले. "अरे देवा, मी घरच्या जावयाकडून भाडं घेतलं! तुमचे पैसे आत्ता परत करतो."

"तुझेपण घे मग."

"छे! बहिणीच्या घरचं आम्ही पाणीसुद्धा पीत नाही, पैसे कसले घेतोय? इथे झोपणंही नाही. तुम्ही तिथेच राहा, जावई आहात. आम्ही येतो आणि स्वयंपाकाला लागतो."

"बरं. तुझी इच्छा," काका जरा जास्तच लवकर म्हणाले.

मी आतून आणून पुढे केलेल्या पाण्याच्या ग्लासाकडे न बघता किरीटभाईंची बायको म्हणाली, "म्हणजे पंधरापट भाडं भरून मी माझ्याच घरी ह्यांच्या बहिणीला श्रीखंड वाढायचं?"

ती उशी काखेत मारून रिक्षा शोधायला निघाली.

म्हणजे तीन रात्री अख्खं घर मोकळं! "काका, मग मी स्टेशनवर न झोपता माझ्या खोलीत राहू? परीक्षेचा अभ्यास होईल."

"तुझी कुठली? भाडं घेतलंय मी. सोमवारपर्यंत ते घर किरीटचं. दुसऱ्याची वस्तू मी कशी देऊ? माणसाला काही तत्त्व असतं, बेटा."

फोन बंद झाला. किरीटभाई माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"परीक्षा आहे ना तुझी? स्टेशनवर कशाला झोपतोस? तू तर घरचाच मुलगा."

"हो किरीटभाई."

"सातपट दे."

ते अगदी मायेने बघत होते. मला कालूपूरचा बाक आठवला, त्यावरचा रुमाल आठवला. मी पाकीट काढलं.

"थांब, आधी वर जाऊन खोली बघ," ते म्हणाले. "मागून तक्रार नको."

मी वर जाऊन माझीच खोली बघून आलो.