दोन-तीन ठिकाणचा बार

काटोलकडून आलेलं अंतर्देशीय पत्र श्रावणनं तिसऱ्यांदा वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या आतल्या खिशात दडवलं. बायकोला दाखवायची सोय नव्हती. तिनं ते चुलीतच टाकलं असतं.

तसं पत्र चांगलं होतं. वरती सप्रेम जयभीम होता, अक्षर वळणदार होतं. मुलगी चिरंजीव अनिलला पसंत आहे, आम्हालाही नाही म्हणायचं कारण नाही, असं मुलाच्या बापानं, वामनरावांनी, स्वतः लिहिलं होतं. इथपर्यंत वाचलं तेव्हा श्रावणच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पोरीला, प्रमिलाला, सव्विसावं लागलं होतं, तीन स्थळं येऊन चहा पिऊन गेली होती आणि हा अनिल मास्तर तिला मनापासून आवडला होता, हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण पुढच्या चार ओळींनी सगळा घात केला होता.

‘येता रविवार सोडून पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी आणि माझी मोठी बहीण शांताबाई येतो. तुमच्याकडला बार फार चांगला असतो असे ऐकून आहो. बोलणे झाले की दोन-तीन ठिकाणचा बार पाहू. शांताबाईलाही पाहायची फार हौस आहे. जेवण तिथेच करू, घरी त्रास घेऊ नये.’

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? मुलगी पाहायला येतोस की दारू प्यायला येतोस? आणि एक बार पुरत नाही, दोन-तीन पाहिजेत. त्यातही सोबत बहीण. तीही हौशी. श्रावण पांढुर्णा नगरपालिकेत बाबू होता आणि त्याच आठवड्यात स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याचा बारसाठीचा अर्ज त्याच्या टेबलावर येऊन पडला होता. पण स्वतः श्रावणनं जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. विहारात दर पौर्णिमेला पंचशील म्हणणारा माणूस. त्याला बार धुंडायला लावला होता ह्या व्याह्यानं.

नाही म्हणावं, तर पोरीचं लग्न मोडतं. हो म्हणावं, तर पोरगी दारुड्यांच्या घरात पडते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. श्रावणनं दोन रात्री कूस बदलून काढल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची समजूत घातली, की पितो तो बाप, पोरगा थोडाच पितो? समजूत पटली नाही, पण धरून ठेवली.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा तो पाणीपट्टीच्या टेबलावरच्या गुणवंताकडे गेला. गुणवंताला ह्या विषयात सारं ऑफिस मानत होतं.

“पाहुण्याले बसवाचं हाय. प्यायची आन् जेवाची सोय एकाच जागी पायजे,” श्रावण खाली पाहत म्हणाला.

गुणवंतानं हातातली पावती-बुकं बाजूला सारली. “दारू चांगली पायजे का मटण चांगलं पायजे, ते आधी सांग.”

“दोन्ही.”

“दोन्ही एका जागी भेटत असतं तं मी इथं पाणीपट्टी वसूल करत बसलो असतो का बे?” मग तो बोटांवर मोजत सांगू लागला. बाजारातल्या ठेक्यावर माल बरा, पण खायला खारे दाणे आणि बसायला उलटा डबा. लोधीखेड्याच्या रस्त्यावर एका धाब्यावर सावजी मटण असं, की खाणारा दुसऱ्या दिवशीही त्याचं नाव काढतो, पण तिथं ट्रकवाल्यांच्या शिव्या ऐकत जेवायचं. सौंसरला एक जागा आहे, खुर्च्या आहेत, पंखा आहे, फक्त पंखा फिरत नाही आणि मालक जेवायला मागितलं की स्वतःच्या घरची खिचडी आणून देतो.

“संगं बाई हाय,” श्रावण कसाबसा म्हणाला.

“बाई?”

“पाहुण्याची बहीण. पासष्टीची.”

गुणवंतानं बाजूला सारलेली पावती-बुकं पुन्हा पुढ्यात ओढली. “भाऊ, लय मोठ्या घरचं स्थळ पाह्यलं तू,” तो म्हणाला, आणि त्यात थट्टा नव्हती, तेच श्रावणला जास्त लागलं.

तरी गुरुवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून तो बसनं सौंसरला जाऊन आला, म्हटलं पंखा दुरुस्त झाला असेल. झाला नव्हता. बाहेर पडताना नेमके विहाराच्या कमिटीतले एक जण, सौंसरला लेकीकडे आलेले, सायकलवरून समोर आले. त्यांनी सायकल थांबवली नाही, जयभीमही केला नाही, फक्त मान वळवून पाहत पाहत गेले. श्रावणला वाटलं, त्या वामनरावाची मानगूट धरावी आणि जाम नदीत बुचकळून काढावी. शेवटी स्टेशनजवळच्या त्या लॉजवाल्यालाच गाठलं. अर्ज टेबलावर पडलेला असल्यानं लॉजवाला हात जोडूनच उभा होता. परवान्याचा पत्ता नव्हता, पण धंदा सुरू झालेला होता. मागची खोली, पडद्याची, टेबलावर कापड, बर्फ, कोंबडीचा रस्सा. श्रावणला स्वतःची शरम वाटली, पण खोली त्यानं ठरवून टाकली.

रविवारी पाहुणे आले. वामनराव काटक, पांढऱ्या टोपीतले, हातात छत्री. शांताबाई नऊवारीत, पाठीला किंचित वाकलेल्या, तोंडभर हसणाऱ्या. बुद्धाच्या मूर्तीपुढे आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावून दोघांनी पंचशील म्हटलं. पाचवं शील मादक पदार्थांपासून लांब राहायचं. ते म्हणताना वामनरावांचा आवाज सगळ्यात खणखणीत लागला. श्रावण मागे हात जोडून उभा होता आणि मनात म्हणत होता, वा रे पठ्ठ्या, लाज कशी वाटत नाही तुला.

पोहे झाले, चहा झाला. शांताबाईंनी प्रमिलाला जवळ बसवून घेतलं, ती शिकवत होती त्या शाळेतल्या पोरांचं विचारलं, पाठीवरून हात फिरवला. सगळं असं गोड चाललं होतं, की श्रावणला वाटलं, विसरले असतील. तेवढ्यात वामनराव उठले.

“चला, आता बार पाहून घेऊ. ऊन चढाच्या आंधी पाह्यलेला बरा.”

श्रावणनं घाबरून बायकोकडे पाहिलं. कमल पदर खोचून हसतमुख उभी होती. “पाहून या नं भाऊजी. औंदा लय जोरात हाय. सावरगावच्या अंगाचा पाहा, तो उजवा हाय. मी डबा घेऊन येतो तिकडेच.”

श्रावणच्या पायाखालची वाळू सरकली. सत्तावीस वर्षांचा संसार, आणि ह्या बाईला पांढुर्ण्यात कोणता बार उजवा ते ठाऊक. वर डबा घेऊन येणार म्हणते. पाहुण्यांदेखत तिला विचारायची सोय नव्हती. तो चपला घालून मुकाट्यानं पुढे झाला.

“स्टेशनाकडे?” वामनराव रस्त्यात म्हणाले. “भरवस्तीत कसा बार?”

“इथलाच चांगला म्हणतात,” श्रावण म्हणाला. एवढा अनुभव आहे, तर स्वतःच शोधायचा होता, हे त्यानं ओठांवर येऊ दिलं नाही.

लॉजचा मागचा पडदा बाजूला झाला. आत लाल दिवा. भिंतीच्या फळीवर बाटल्या. शांताबाई कापड घातलेल्या टेबलाशी बसल्या, कारण उन्हात चालून पाय दुखत होते. वेटरनं तीन ग्लास मांडले, बर्फाचं भांडं ठेवलं आणि मोठ्या अदबीनं विचारलं, “माताजी क्या लेंगी?”

शांताबाईंनी बाटल्यांकडे पाहिलं, मग ग्लासांकडे. “भाऊ, हे काय आहे?”

“बार,” श्रावण म्हणाला. त्याचा दहा दिवसांचा वैताग त्या एका शब्दात होता.

वामनराव अजून उभेच होते. “छप्पन साली नागपूरच्या मैदानात दीक्षा घेतली मी. एकतीस वर्षं झाले. बापाच्या मयतीत लोकायनं पाजाले धरलं, तरी थेंबाले शिवलो नाही. तुम्ही माझी परीक्षा पाहून राहिले का?”

“मी?” श्रावणचा बांध फुटला. त्यानं खिशातून पत्र काढलं, घड्यांनी ते आता चिंधीसारखं झालं होतं, आणि टेबलावर आपटलं. “हे कोणं लिहिलं मंग? दोन-तीन ठिकाणचा बार पाहू. जेवण तिथंच करू. शांताबाईले हौस आहे. दहा दिवस झाले, मी या बारापायी गावभर तोंड काळं करत फिरून राहिलो.”

शांताबाईंनी पत्राकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि त्यांच्या तोंडाला पदर गेला. “अगं माय. झाडाचा बार रे भाऊ. संत्र्याचा. आंबिया बार.”

वेटर बर्फाचं भांडं उचलून निघून गेला.

त्या मुलखात संत्र्याच्या झाडाला बहर फुटतो त्याला बार म्हणतात. पावसाळ्यातला मिरगाचा, माघातला आंबिया. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, श्रावणलाही होतं, पण टेबलावरच्या त्या अर्जानं त्याच्या डोक्यात दुसराच बार भरला होता. त्याची बायको वीस वर्षं केशवरावांच्या सावरगावच्या बागेत तोडणीला जात होती आणि रोज घरी येऊन बाराच्याच गोष्टी सांगत होती. वामनरावांना दोन एकरात संत्र्याची कलमं लावायची होती, म्हणून इकडच्या बागा पाहायच्या होत्या. पत्र कमलच्या हातात दिलं असतं तर एका शब्दात भानगड मिटली असती.

शांताबाईंना हसू आवरेना. श्रावणही कसंनुसं हसला. वामनराव तेवढे हसले नाहीत.

“म्हणजे दहा दिवस तुम्ही मले दारुडा समजत होते,” ते म्हणाले.

“चुकलो, वामनराव.”

“माह्या बहिणीलेही.”

“चुकलो म्हणतो नं.”

“ते सोडा. शब्द आहे, चुकतो माणूस.” वामनरावांचा आवाज खाली आला. “पण दारुड्याचं घर आहे हे समजूनही पोरगी द्याले तयार झाले तुम्ही. वरून त्याच्यासाठी खोली ठरवली.”

श्रावणनं टेबलावरचं पत्र उचलून पुन्हा घडी घातली. पोरीचं वय, तीन मोडलेली स्थळं, सगळं तोंडाशी आलं आणि तिथंच राहिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

नदी ओलांडून तिघं सावरगावला पोचले तेव्हा केशवरावांच्या बागेत कमल आणि प्रमिला डबा उघडून वाट पाहत होत्या. झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली होती, वास असा की डोकं जड व्हावं. वामनरावांनी एकेक फांदी हातात धरून पाहिली, केशवरावांच्या गड्याला, बार फुटावा म्हणून पाणी कधी तोडलं, पुन्हा कधी दिलं ते विचारलं. लॉजचा शब्द त्यांनी काढला नाही, शांताबाईंनीही काढला नाही.

“इतका उशीर?” कमल भरीत वाढता वाढता म्हणाली. “कुठं नेलं होतं यायले?”

“चुकीच्या रस्त्यानं गेलो,” वामनरावच म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, “वहिनी, बार पाह्यला, पोरगीही पाह्यली. आमच्याकडून पक्कं. तारीख मात्र जवळची काढा. याच महिन्याची.”

“एवढी काय घाई, भाऊजी? वर्षभर तं राहू द्या आमच्यापाशी.”

“नाही,” वामनराव म्हणाले आणि त्यांनी श्रावणकडे पाहिलं. “या बापाच्या घरी पोरीले जास्त दिवस ठेवणं बरं नाही.”

कमलला ती व्याह्याची थट्टा वाटली, ती पोट धरून हसली. प्रमिलाही लाजून हसली आणि उठून बापाला वाढायला आली. तिनं विचारलं, बाबा, भाकर वाढू का. श्रावणनं ताटावर हात आडवा धरला आणि तिच्याकडे न पाहताच म्हणाला, पोट भरलं.