रेघेच्या आत

“ए हुडाक, हात आहे का सुतळी? घरी जा, आईला बटाटे सोलू लाग!”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं. माझ्या शेजारी बसलेल्या आईनं मागे वळूनही पाहिलं नाही. “तुझ्या आईनं तुला तेवढं तरी शिकवलंय का रे?” ती मोठ्यानं म्हणाली. लोक हसले.

पेनसिल्व्हेनियातलं आमचं गाव पोलादाच्या भट्ट्यांचं. १९५१ साली तिथं दुसरं काही असेल तर ते बेसबॉलचं मैदान होतं. माझा भाऊ एमिल हुडाक गावच्या क्लबकडून चेंडू फेकायचा आणि पपा ते मैदान राखायचे. त्या दिवशी मोठ्या क्लबचा माणूस एमिलला पाहायला आला होता. पुढच्या रांगेत गवती हॅट मांडीवर ठेवून तो बसला होता. त्यानं होकार दिला तर एमिल इथून सुटणार होता. नाहीतर भट्टी होतीच.

शेवटचा डाव. दोन्ही संघांच्या धावा सारख्या. पाहुण्यांचा एक गडी तिसऱ्या बेसवर टपून उभा.

मी मात्र पपांकडे बघत होते. ते अवजारांच्या खोपटाच्या दारात उभे होते. सकाळी मी त्यांना डबा द्यायला गेले, तेव्हा ते तिसऱ्या बेसच्या रेघेपाशी गुडघ्यांवर बसून रेघेबाहेरची माती चढवत होते. आपली मुलं चेंडू हळूच ढकलून पळण्यात पटाईत. उतार आतल्या बाजूला असला की तसा चेंडू रेघेबाहेर जाऊन फुकट जात नाही. सगळेच मैदानवाले हे गुपचूप करायचे.

“आज जरा जास्तच झालंय,” मी म्हटलं होतं.

“आज एमिलसाठी आहे,” पपा म्हणाले होते.

एमिलनं चेंडू फेकला. समोरच्यानं बॅट फिरवलीच नाही, नुसती पुढे धरली. चेंडू टुकूटुकू रेघेच्या कडेकडेनं निघाला. तिसऱ्या बेसवरचा गडी सुसाट पळत शेवटच्या बेसवर, ‘घरात’, पोचला. पण चेंडू रेघेबाहेर गेला असता, तर ती धाव धरली नसती. एमिल आणि तिसरा बेस राखणारा आमचा डटन दोघंही धावत येऊन चेंडूवर ओणवे झाले.

“हात नको लावू!” एमिल ओरडला. “जातोय बाहेर, जाऊ दे!”

चेंडू चुन्याच्या रेघेपर्यंत आला, डुगडुगला, माघारी वळला आणि आत थांबला. पाहुण्यांची धाव धरली गेली.

आमच्या वाट्याच्या फलंदाजीत काहीच झालं नाही. गवती हॅटवाला माणूस पाहुण्यांच्या फेकणाऱ्याशी हात मिळवून, त्याच्याशी बोलत बोलत बाहेर गेला. मैदान रिकामं झालं तरी पपा घरी आले नाहीत. मी बोलवायला गेले, तर ते फावड्यानं ती माती काढत होते.

“जेवायचं नाही का?”

“तुम्ही बसा,” ते म्हणाले.

एमिल भट्टीत लागला. लग्न, मुलं, पाठदुखी, सगळं रीतसर झालं. त्या चेंडूचा विषय आमच्या घरात तीस वर्षं कधी निघाला नाही.

गेल्या महिन्यात पपांची फुप्फुसं हरली. शेवटच्या दुपारी इस्पितळात त्यांनी एमिलला जवळ बोलावलं.

“त्या दिवशी माती मी चढवली होती,” ते म्हणाले. एवढ्या वाक्यालाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

एमिलनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. “कसली माती, पपा? चेंडू बाहेरच होता. अंपायर आंधळा होता.”

पपांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते मान डोलावतील आणि सुटतील.

“आत होता,” ते म्हणाले. “ती रेघ माझी होती रे.”

एमिल उठला. “गाडी नीट लावून येतो,” असं माझ्याकडे न बघता म्हणाला आणि बाहेर गेला.

गाडी सकाळपासून नीटच लावलेली होती. मी खिडकीतून पाहिलं. तो तिच्या टपावर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून उभा होता.