तूडाने पाळी बदलली

तवीझाला आमच्या गावात कोणी नाही म्हणत नाही. ज्याची पाळी, त्याच्या रानात सगळे उतरतात आणि एका दिवसात पेरणी उरकतात. पाळ्या मी लावतो. म्हणून सोमवारी माझी धाकटी बहीण तूडा दारात उभी राहिली, तेव्हाच कळलं, काहीतरी भानगड आहे.

"दादा, शुक्रवारची पाळी मला नको. तीन आठवड्यांनी दे."

"वेडी झालीस? कालच तणावर औषध मारलंस ना?"

"म्हणूनच तर!"

गेल्या वर्षी तिनं बुधवारी तणनाशक मारलं आणि पाळी चुकवायची कशी म्हणून शुक्रवारी पेरलं. जव वीतभर वाढला आणि जागोजागी पिवळा पडून बसला. उपटून पाहिला तर मुळं तपकिरी, कुजलेली. ते आईच्या वेळचं बियाणं. आता एकच पोतं उरलं होतं. तेही गेलं असतं तर वाण संपला असता.

शेतकी खात्याच्या इल्हामबाईंनी तिला कुंड्यांमध्ये करून दाखवलं होतं. तण मरायला लागलं की मुळं कुजवणारी बुरशी त्या मरत्या मुळांवर ताव मारते. त्याच आठवड्यात बी पडलं तर ती कोवळ्या मुळांवर चढते. पिकाला पाणी पाजणारी चांगली बुरशी मात्र त्या वेळी औषधानं मलूल झालेली असते. तण पुरतं वाळेपर्यंत थांबलं की वाईट बुरशीची उपासमार होते.

तीन आठवड्यांनंतरची पाळी बूअझ्झाची होती. त्याच्या रानातलं तण मेंढ्यांनीच खाल्लेलं, औषधाचा थेंब नाही. आम्ही दोघं त्याच्याकडे पाळी बदलून मागायला गेलो.

"पन्नास वर्षं पेरतोय," तो म्हणाला, "बुरशीला विचारून कधी पेरलं नाही."

"काका, तुम्ही कोणालाच विचारत नाही," तूडा म्हणाली. "काकूंना विचारा हवं तर."

आतून काकू हसल्या. बूअझ्झानं दाढी खाजवली. "शुक्रवारी पंचवीस माणसांना जेवायला कोण घालणार? आमची काहीच तयारी नाही."

"मी घालते. कुसकुस माझं, ताकही माझं."

"सात भाज्यांचं?"

"सात."

"मग त्या बुरशीला माझा सलाम सांग!"

शुक्रवारी बूअझ्झाचं रान पेरून झालं आणि तो तीनदा वाढून घेऊन जेवला. तूडाचं पोतं तीन आठवड्यांनी मातीत गेलं. उशीर झाला म्हणून लोक कुरकुरले. मलाही धाकधूक होतीच.

जानेवारीत तिनं एक रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं. मुळं पांढरीशुभ्र. मातीचे कण त्यांना असे चिकटलेले की झटकूनही पडेनात. शेजारच्या बांधावरून बूअझ्झा पाहत होता.

"बरा आहे," तो म्हणाला. मग बांध उतरून जवळ येत, "पोरी, मळणी झाली की दोन पायल्या बी मला ठेव."

"सात भाज्या करून बोलवा," तूडा म्हणाली, "मग बघू."